माफी मागितली की धूर थांबतो

टॅक्सी स्टँडवर एवढी गर्दी याआधी एकदाच झाली होती, कुणाच्या तरी डिकीत साप निघाला होता तेव्हा. आज साप नव्हता, यंत्रवैद्य होते. अंगात पांढराशुभ्र झगा, पायांत पांढरे बूट आणि गळ्यात चक्क स्टेथोस्कोप. डोळे मिटून, स्टेथोस्कोपची चकती एका जुन्या टॅक्सीच्या बॉनेटवर टेकवून ते काहीतरी ऐकत होते. स्टँडवरचे झाडून सगळे ड्रायव्हर, शेजारच्या कापड दुकानातले नोकर आणि बसची वाट बघत बसायची सोडून आलेले लोक श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होते.

वरच्या मजल्यावर, दवाखान्याच्या खिडकीतून दातांची डॉक्टरही बघत होती. तिच्या खुर्चीत एक गृहस्थ तोंड बधिर व्हायची वाट बघत आ वासून पडले होते. इंजेक्शन दिल्यावर दाढ काढण्याआधी थोडं थांबावं लागतं, आणि ते थांबणं ती कित्येक वर्षं या खिडकीत उरकत आली होती. खाली टॅक्सी स्टँड, पुढे सरळ रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला पोस्टाकडे जाणारं वळण, एवढं तिला इथून दिसायचं. तो स्टेथोस्कोप बघून मात्र तिचं डोकं सणकलं. इतकी वर्षं घासून डॉक्टर झाली तरी तिच्या गळ्यात तो कधी आला नव्हता, आणि हा गडी तो घालून गाडीची छाती तपासत होता.

"हिचा जीव घुसमटतोय," यंत्रवैद्यांनी डोळे न उघडताच निदान केलं. "पोटात वर्षानुवर्षांची काजळी साचलीय. राबवून घेतलंत, पण कधी हिची विचारपूस केलीत?"

गाडीच्या मालकाला सगळे मफलर म्हणायचे, कारण तो भर उन्हातही गळ्याला मफलर गुंडाळून असायचा. तो खाली मान घालून उभा राहिला. विचारपूस केली नव्हती, हे त्याला मान्य होतं.

यंत्रवैद्यांच्या इशाऱ्यावर त्याने गाडी चालू केली. ती खोकली, थरथरली आणि मागून निळसर धुराचा असा लोट निघाला की कापड दुकानातल्या नोकरांनी नाकाला रुमाल लावले. मग झग्याच्या खिशातून एक हिरवी बाटली निघाली. नाव 'इंजिन-संजीवन'. इंजिनात ऑइल घालायचं झाकण उघडून यंत्रवैद्यांनी टोपणभर संजीवन आत सोडलं आणि हात वर केला. आता प्रत्येकाने आपापल्या गाडीवर हात ठेवून मनातल्या मनात तिची माफी मागायची होती. घाई करायची नव्हती. गाडी घेतली त्या दिवसापासूनचं सगळं आठवायचं होतं, प्रत्येक खड्डा, प्रत्येक शिवी.

स्टँडभर शांतता पसरली. धटिंगण बापे गाड्यांना हात लावून पुटपुटायला लागले. बसची वाट बघणाऱ्या एकाकडे गाडी नव्हती, म्हणून त्याने जवळ उभ्या असलेल्या कुणाच्या तरी सायकलीवर हात ठेवला. माफी अशी पाल्हाळ लावून चालली होती, आणि हळूहळू धूर विरळ झाला, पांढुरका झाला आणि दिसेनासा झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मफलरने यंत्रवैद्यांचे पाय धरले. आणि सगळ्यात पुढे उभं राहून एक म्हातारे ड्रायव्हर रुमालाने डोळे पुसत होते, ते या डॉक्टरणीचे वडील होते.

त्यांना सगळा स्टँड अण्णा म्हणायचा आणि मुलगीही अण्णाच म्हणायची. त्यांची टॅक्सी स्टँडवरची सगळ्यात जुनी. किती चालली होती हे कुणालाच सांगता आलं नसतं, कारण तिचा किलोमीटर मोजणारा मीटर पार शेवटपर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर आला होता आणि तिथून परत चालू लागला होता. या गाडीने मुलीला शाळेत सोडलं, कॉलेजात सोडलं, तिची फी भरली. बायको गेल्यावर घर खायला उठायला लागलं, तेव्हा अण्णा सकाळी उठून स्टँडवर यायला लागले ते आजपर्यंत. मुलगी म्हणायची, अण्णा, आता पुरे की. अण्णा म्हणायचे, गाडी थांबेल तेव्हा मी थांबेन.

त्या संध्याकाळी जेवताना अण्णांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. त्यांची गाडीही हल्ली चालू करताना धूर सोडायची आणि पोरंटोरं तिला चुलीवरची गाडी म्हणायची. गॅरेजच्या मिस्त्रीने सांगितलं होतं की आतले रबरी सील झिजलेत, इंजिन उघडावं लागेल. अण्णांनी ते कानाआड केलं होतं. आता मात्र घरात संजीवन येऊन पोचलं होतं आणि चक्क देव्हाऱ्यात ठेवावं तसं कपाटात वरच्या फळीवर ठेवलं होतं.

मुलीने बाटली उघडून हुंगली. रॉकेल, आणि त्यावर अत्तर. तिने तसं सांगितल्यावर अण्णा म्हणाले, तुझ्या चूळ भरायच्या औषधालाही वासच येतो. यावर तिने त्या दिवशीची भांडी जरा जास्तच जोरात घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मफलरची गाडी पुन्हा धुरली. संजीवन घेतलेल्या बाकीच्यांच्याही गाड्या धुरल्या. एखाद्याचा धंदा तिथेच बसला असता, पण यंत्रवैद्य कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, गाडीचा राग एका दिवसात जातो होय? दुसरी मात्रा घ्या. दुसरी झाली, तिसरी झाली, दर वेळी माफी मागून होईपर्यंत धूर थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी हजर. शेवटी त्यांनी जाहीर केलं की या म्हाताऱ्या गाड्यांना आता महाशुद्धीच लागणार. संजीवनचा अख्खा डबा इंजिनात ओतायचा आणि इंजिन फुल रेसवर ठेवायचं. येत्या रविवारी, सगळ्यांसमोर, आणि पहिला मान सगळ्यात जुन्या गाडीला. एक अट होती. आदल्या संध्याकाळपासून सगळ्या गाड्यांना कडक उपास. रक्त तपासायला आपण उपाशीपोटी जातो ना, तसं. गाडी अजिबात चालू करायची नाही, जागेवर आणायची तीही ढकलत.

डॉक्टरला हे ऐकून हसू आलं, पण ते टिकलं नाही. पहिला मान अण्णांनी आनंदाने घेतला होता.

एका सकाळी ती अशीच खिडकीत उभी होती. खुर्चीतल्या बाई बधिर तोंडाने जावयाबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. खाली अण्णांच्या गाडीत गिऱ्हाईक बसलं, गाडी चालू झाली, धुराचा लोट निघाला. लाज वाटून तिने नजर वळवली नाही, उलट आज ती गाडीच्या मागेमागे बघत राहिली. रस्त्याच्या मध्यावर धूर कमी झाला. वळणावर गाडी वळली तेव्हा मागे स्वच्छ हवा होती. संजीवन तर आज गाडीला मिळालंच नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिनेच ते मोरीजवळ लपवलं होतं.

मग ती दिवसभर खिडकीतून हललीच नाही. पेशंटना वाटलं, डॉक्टर आज उदास आहेत. संजीवन घेतलेली गाडी असो की न घेतलेली, निघताना धूर, वळणावर काही नाही. इतकी वर्षं ती हेच बघत होती, पण डोळे तिकडे आणि मन दाढेत.

खालच्यांना हे का दिसलं नाही, तेही तिच्या लक्षात आलं. या स्टँडवर एक जुनी रीत होती. पुढची गाडी गेली की मागच्यांनी उतरून आपली गाडी हाताने ढकलत पुढे न्यायची, इंजिन चालू करायचं नाही. पेट्रोल वाचतं, आणि कुणी चालू केलंच तर बाकीचे त्याला नवाब म्हणून चिडवायचे. त्यामुळे प्रत्येक गाडी रांगेत थंड होऊन जायची आणि नंबर लागला की सगळ्यांच्या नाकासमोर चालू व्हायची. गाडी उभी असताना झिजलेल्या सिलांतून थेंबथेंब ऑइल आत झिरपतं. इंजिन चालू झालं की ते जळतं, जळून संपलं की धूर संपतो. हे सगळे एकमेकांच्या गाड्या फक्त त्या घटकेला बघत होते. परत आलेली गाडी रांगेच्या शेवटी लागते, तिच्याकडे कोण बघतंय? सगळ्यांचं लक्ष पुढे, गिऱ्हाइकाकडे.

यंत्रवैद्यांना मात्र हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर उपास, आणि म्हणून तर ती लांबलचक माफी.

खात्री करून घ्यायला ती गॅरेजमध्ये गेली. तिचा तर्क मिस्त्रीला पटला. मग त्याने कोपऱ्यातून एक जाळी आणून तिच्या हातात ठेवली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या स्टँडवर गेल्या महिन्यात अशीच महाशुद्धी झाली होती, त्यातल्या एका गाडीची ही जाळी. इंजिनाच्या तळाशी असते, हिच्यातून ऑइल वर चढतं. जाळी कुठे दिसतच नव्हती, दिसत होता तो काळ्या खरवडीचा लगदा. कडक औषधाने वर्षानुवर्षांची घाण एकदम सुटली, येऊन जाळीवर बसली, ऑइल वर चढेना, आणि इंजिन कोरडं फिरून जाम झालं. मिस्त्रीने हेही सांगितलं की साफ करायचं औषध म्हणजे सरसकट विष नव्हे. गाडी बरी असेल, घाण थोडी असेल आणि कंपनीने सांगितलं तेवढंच घातलं, तर थोडाफार उपयोग होतो. पण झिजलेलं रबर कुठल्याही बाटलीने परत उगवत नाही.

डॉक्टर त्या जाळीकडे बघत राहिली. तिच्याकडे रोज कुणीतरी येऊन तक्रार करायचं की तुम्ही दात साफ केले आणि ते हलायला लागले. दात आधीच हलत असायचे, त्यांच्यावर साचलेल्या दगडासारख्या कडक थराने नुसते धरून ठेवलेले असायचे. म्हणून ती आधी हिरड्या तपासायची आणि मगच हात लावायची. इथे कुणी तपासायला तयारच नव्हतं.

ती जाळी घेऊन घरी आली आणि अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मिस्त्रीला इंजिन उघडायचंच असतं," ते म्हणाले. "तुला दात काढायचेच असतात, तसं."

"अण्णा, डबा ओतलात तर गाडी बसेल."

"आणि उघडल्यावर तो म्हणाला, संपली, तर? मग सकाळी उठून मी जाऊ कुठे? ह्या खुर्चीत बसू?" त्यांनी आईच्या फोटोखालच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "ते वैद्य निदान बरी होईल म्हणतात."

तिला रडू आलं. बापाला फसवलं जातंय याचं नव्हे, तर बाप जाणूनबुजून फसायला तयार आहे याचं. तो घाबरलाय, हे तिला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. आता जे काही व्हायचं ते रविवारी, चारचौघांत.

रविवारी स्टँड फुलून गेला. सगळ्या गाड्या उपाशी उभ्या होत्या. मधोमध अण्णांची गाडी, धुऊनपुसून लख्ख, आणि स्टिअरिंगवर इस्त्रीच्या शर्टात अण्णा. यंत्रवैद्य डब्याचं झाकण उघडणार, तेवढ्यात पांढरा कोट घातलेली डॉक्टर गर्दीतून पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "वैद्यराज, एक शंका आहे."

"शंका म्हणजे मनाची काजळी," यंत्रवैद्य हसून म्हणाले.

"मग ती आधी साफ करा, आणि शुद्धी नंतर."

लोक हसले. यंत्रवैद्यांना मान डोलवावी लागली. डॉक्टरने चिकटरावांची गाडी पुढे ढकलून आणायला सांगितली. चिकटरावांच्या खिशातून सहजासहजी काही निघत नसे, त्यामुळे त्यांच्या गाडीला संजीवनचा थेंबही लागला नव्हता, हे स्टँडवर सगळ्यांना माहीत होतं. तिने विचारलं, औषधाशिवाय हिचा धूर थांबेल का? यंत्रवैद्य म्हणाले, या जन्मात नाही. माफी मागून? औषध नसेल तर माफी पोचतच नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं.

"ठीक," ती ड्रायव्हरांकडे वळली. "मग आज माफी नको. हिला मनसोक्त शिव्या द्या."

अशी संधी कोण सोडतो? चिकटरावांनी गाडी चालू केली, धूर निघाला आणि स्टँडवरच्या लोकांनी तोंडाचा पट्टा सोडला. काही शिव्या गाडीला होत्या, बऱ्याचशा चिकटरावांना होत्या. मफलरने तर अशा काही काढल्या की कापड दुकानातले नोकर कानावर हात ठेवून पुढे सरकले, नीट ऐकू यावं म्हणून. चिकटराव रागाने लाल झाले. आणि शिव्यांचा साठा संपत आला तसा कुणीतरी ओरडून मागे बोट दाखवलं. धूर थांबला होता.

पहिल्यांदा मफलर हसला, मग त्याला आपण विकत घेतलेल्या बाटल्या आठवल्या आणि त्याचं हसू मावळलं. डॉक्टरने थोडक्यात सगळं सांगितलं, ऑइल कुठे झिरपतं, कधी जळतं, वळणापर्यंत धूर कसा संपतो. कुणाला खोटं वाटत असेल तर वरच्या खिडकीत येऊन बघावं, खुर्चीत बसायची सक्ती नाही.

"हा माझ्या सान्निध्याचा परिणाम आहे," यंत्रवैद्य म्हणाले. "मी जवळ असलो की कधी कधी औषधाशिवायही होतं."

"मग तुम्ही नुसते उभे राहत जा. डबे कशाला वाहता?"

यंत्रवैद्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ते मुरलेले होते, गर्दीत मऊ जागा कुठे आहे हे त्यांना अचूक कळायचं. डबा उचलून ते थेट अण्णांपाशी गेले आणि मायेने म्हणाले, "बाबा, शिकलेल्या मुलांना बापाच्या श्रद्धेची लाज वाटते. तुम्ही ठरवा. ओतू?"

डॉक्टर गाडीच्या खिडकीशी आली. तिने बरंच काही ठरवून आणलं होतं, पण आता तिच्याकडून नुसती ती जाळी पुढे केली गेली.

"अण्णा, मला तुमची लाज नाही वाटत," ती म्हणाली. "मला ही गाडी हवीये. तुम्ही घरी त्या खुर्चीत बसलेले मला बघवणार नाहीत. म्हणून म्हणते, ओतू नका."

अण्णांनी जाळी हातात घेतली, अंगठ्याने त्यावरची खरवड खरडून बघितली, वास घेतला. आयुष्यभर ऑइलमध्ये बरबटलेला अंगठा होता तो. मग ते गाडीतून उतरले आणि यंत्रवैद्यांच्या जुनाट व्हॅनकडे गेले. ती स्टँडच्या कडेला सकाळपासून उभी होती.

"वैद्यराज, हिचं वय काय?"

यंत्रवैद्य म्हणाले, तिचं काय मध्येच.

"माझ्या गाडीच्या बरोबरीची दिसते. पहिला मान मी हिला देतो. ओता डबा."

आता स्टँडवर खरी शांतता पसरली, माफी मागताना होती त्याहून गाढ. यंत्रवैद्य म्हणाले की ही गाडी आधीच शुद्ध आहे. मफलर म्हणाला, मग काहीच बिघडणार नाही, ओता. यंत्रवैद्य म्हणाले की आजचा मुहूर्त टळला. चिकटराव म्हणाले, डब्याचे पैसे मी देतो. चिकटराव स्वतःहून पैसे देतो म्हणाले, हा त्या दिवसाचा एकमेव खरा चमत्कार. तोवर यंत्रवैद्य व्हॅनमध्ये चढून बसले होते. त्यांनी किल्ली फिरवली आणि व्हॅनच्या मागून धुराचा असा निळा लोट निघाला की क्षणभर स्टँड दिसेनासा झाला.

व्हॅन सुसाट निघाली. पाठलाग कुणीच केला नाही. सगळे ड्रायव्हर रस्त्याच्या मध्यावर येऊन माना उंचावून नुसते बघत राहिले. वळणाशी पोचेपर्यंत व्हॅनचा धूर पार थांबला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गाडी गॅरेजमध्ये नेली. मुलगीही बरोबर गेली, दवाखान्याला कुलूप लावून. मिस्त्रीने पाना हातात घेऊन विचारलं, उघडू? अण्णांचा चेहरा तिच्या खुर्चीत बसणाऱ्या पेशंटसारखा झाला होता. त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि मानेनेच हो म्हटलं.

सील झिजले होते, ते बदलले. तळाची घाण मिस्त्रीने हाताने खरवडून काढली आणि जाळी धुतली. बाकी इंजिन त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. अण्णांनी विचारलं, किती चालेल? तो म्हणाला, कायम नाही चालणार, पण ऑइल वेळच्या वेळी बदलत राहिलात तर अजून काही वर्षं नक्की. अण्णांनी डोळे पुसले आणि म्हणाले, मलाही तेवढीच हवी आहेत.

धूर थांबला की आपण टाळ्या वाजवतो आणि बाटली घेतो. एवढंच विचारावं, काहीच केलं नसतं तर तो थांबला नसता का? हे विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही की मिस्त्री. आणि विचारायची भीती वाटत असेल, तर ती वाटू द्यावी. अण्णांनाही वाटत होती. बाटल्या विकणारे आपल्या अडाणीपणावर जगत नाहीत, या भीतीवर जगतात. भीत भीत का होईना, झाकण उघडून आत बघावं.